पिंपातलं पाणी

त्या सकाळी पिंपात विहिरीचं पाणी भरायचं होतं. मी खाडीचं भरलं. ते चुकून झालं नाही. विहीर लांब होती म्हणूनही झालं नाही, जरी पुढे कित्येक वर्षं मी स्वतःची तशी समजूत घालत आलो. भरती पुरी चढेपर्यंत मी थांबलो, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावून पाहिलं, आणि जीभ खारटाने चरचरली तेव्हाच घागरीमागून घागर पिंपात ओतली. त्या एका पिंपाने माझ्या धाकट्या बहिणीचं, येसूचं, शिक्षण संपवलं आणि माझं गावात नाव केलं. आता पन्नाशी उलटली आहे, आई-बाबा दोघंही नाहीत, आणि जिच्याशी बोलायचं तिच्याशी बोलून झालं आहे. तेव्हा ते दिवस जसे होते तसे लिहून ठेवतो.

आमचं गाव मालवणच्या अलीकडे, खाडीकाठी. घर आणि बाबांची भाताची गिरण यांच्यामध्ये एक फणस आणि पाच-सहा पोफळी, एवढंच अंतर. गिरणीत एका सिलिंडरचं तेलाचं इंजिन होतं. त्याच्या धुराड्याच्या तोंडावर बाबांनी रिकामा डबा उलटा घातला होता आणि इंजिन चालू झालं की तो डबा टक् टक् करत नाचायचा. आमच्या घराचं घड्याळ म्हणजे तो डबा. डबा वाजायला लागला की आई चुलीवर पेजेचं मडकं चढवायची, मधेच आवाज जड झाला की म्हणायची, "ओली भाता इली कोणाची तरी." पेज उकड्या तांदळाची, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा आंब्याचं लोणचं. बाबा कोंड्याने पांढरे झालेले हात न धुताच जेवायला बसायचे आणि आई रोज तेच बोलायची. भात घेऊन आलेल्या बायका गिरणीच्या दारात ओळीने बसायच्या आणि सगळ्या गावाच्या बातम्या तिथेच दळल्या जायच्या.

मी मुंबईला मामाकडे राहून एका टेक्निकल स्कूलमध्ये दोन वर्षं शिकलो. यंत्राच्या विषयांत पास झालो, विजेच्या विषयात नापास, आणि परत आलो. बाबा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मी परत आलो त्याच महिन्यात मामाने गोदीत मोडीत निघालेल्या एका जहाजावरचा डायनामो बोटीने मालवणला पाठवला. बैलगाडीतून तो गिरणीत आला तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं होतं. बाबांच्या मनात फार दिवसांपासून एक गोष्ट होती: गिरणीच्या इंजिनावर पट्टा चढवून वीज करायची आणि ग्रामदेवतेच्या जत्रेला देवळात विजेचे दिवे लावायचे. तोवर आमच्या बाजूला असं कुणी केलं नव्हतं.

बाबांना वाटलं होतं की मी ते सगळं बघीन. मलाही तसंच वाटलं होतं. पण बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि व्होल्ट दाखवणाऱ्या मीटरचा काटा त्यांना दिसत नव्हता. मी असायचो पट्ट्यापाशी किंवा वायरी जोडताना, म्हणून मीटरसमोर येसूला बसवलं. ती तेव्हा हायस्कुलात होती, माझ्याहून चार वर्षांनी लहान. शाळेतून आली की दप्तर ओसरीवर टाकून सरळ गिरणीत यायची. एरवी आमच्यासारखीच मालवणी बोलायची, पण मीटर वाचताना तिचा आवाज बदलायचा, शाळेत पाढे म्हणावेत तसा: "दोनशे अठरा. दोनशे सोळा. स्थिर आहे." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "मास्तरीण बसली गो," म्हणायच्या. बाबा मात्र तो आवाज ऐकून इंजिनाचं तेल कमी-जास्त करायचे. माझं विजेचं इंग्रजी पुस्तक ट्रंकेत पडलं होतं. ते तिने काढलं, शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला घेतलं. नापास झालेल्या माणसाचं पुस्तक दुसऱ्या कुणी आवडीने वाचावं, याचा त्रास काय असतो ते मी तेव्हा शिकलो.

हा डायनामो शंट जातीचा होता. अशा यंत्राची एक खोड असते. काही लोड, म्हणजे विजेचं ओझं, नसेल तेव्हा ते छान दोनशे वीस व्होल्ट देतं, पण एकेक दिवा वाढवत गेलं की व्होल्ट उतरत जातात. किती दिव्यांना किती उतरतात हे आधी पाहून ठेवलं नाही तर ऐन जत्रेत दिवे लाल पडायचे. म्हणून चाचणी करायची: इंजिनाचा वेग तोच ठेवायचा, लोड पायरीपायरीने वाढवायचा आणि प्रत्येक पायरीला काटा कुठे येतो ते लिहायचं. व्होल्ट का उतरतात याची तीन कारणं मला पाठ होती. परीक्षेत ती लिहिलीही होती, फक्त एकमेकांत गुंतवून. एके दिवशी जेवताना येसूने विचारलं आणि मी ती तीन कारणं इंग्रजीत म्हणून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या आयेसारखा."

"कसा?" बाबांनी विचारलं.

"पावणे वाढले की आये सगळ्यांका वाढता आणि आपण थोडा खाता. मगे दुसऱ्या दिवशी तिच्यात जोर कमी. ह्या यंत्राच्या चुंबकाकसुद्धा ह्याच यंत्राचा जेवण. लोड वाढलो की व्होल्ट उतारतत, व्होल्ट उतारले की चुंबक उपाशी, म्हणान आणखी उतारतत."

बाबांनी हातातला घास तसाच ठेवला. "सदू, बरोबर आसा ह्या?"

"आसा," मी म्हटलं. दोन वर्षांत मला जे नीट कळलं नव्हतं, ते तिने पेजेच्या ताटावर सांगितलं होतं. आई म्हणाली, "माका कशाक यंत्रात घालतास?" आणि सगळे हसले. मीही हसलो. मला आठवतं, त्या दिवशी मी लोणचं मागून घेतलं आणि खाल्लं नाही.

लोड आणायचा कुठून हा प्रश्न होता. दिवे मुंबईहून यायचे होते, गिरणीत फक्त सहा. तेव्हा पिंपाची युक्ती मी सांगितली, कारण आमच्या शाळेत तसं करत. लाकडी पिंपात पाणी भरायचं, त्यात दोन लोखंडी पत्रे टांगायचे, त्यांना डायनामोच्या वायरी जोडायच्या. पत्रे जितके खोल, तितकी वीज पाण्यातून जास्त जाणार, म्हणजे तितका लोड जास्त. बाबांना युक्ती फार आवडली. दोन दिवस ते येईल-जाईल त्याला "ह्या सदून सांगल्यान" म्हणून पिंप दाखवत होते. ते दोन दिवस मी विसरलेलो नाही.

पाणी आम्ही गिरणीमागच्या खाडीतूनच भरलं. वीस पावलांवर पाणी असताना विहिरीवर कोण जातो. सकाळी आकडे घेतले, दुपारी पुन्हा घेतले, जुळेनात. तेवढ्याच खोलीवर सकाळी दोनशे दहा, आणि दुपारी पाणी बदलून भरलं तर दोनशे दोन. मी म्हटलं, मीटर बिघडला. मीटर उघडला, झाडला, परत बसवला. तिसऱ्या दिवशी येसू काठावर उभी राहून खाडीकडे बघत होती. आत येऊन तिने पिंपात बोट बुडवून चोखलं.

"दादा, सकाळी ओहोटी होती. आता भरती आसा. पाणीच येगळा. जितका खारा, तितकी वीज जास्त जाता."

दारातल्या बायकांपैकी एक म्हणाली, "गो बाय, ता तर आमका इचारला असतास तरी सांगला असता. ओहोटीच्या पाण्यात कोण मीठ करूक जाता?" आणि सगळ्या खदखदून हसल्या. बाबाही. पावसाचं पाणी अजून खाडीत होतं म्हणून यंत्र वाचलं, नाहीतर भरतीच्या निव्वळ खाऱ्या पाण्यावर त्याने तेव्हाच मान टाकली असती, हेही येसूनेच सांगितलं. त्यानंतर नियम ठरला: पाणी विहिरीचं, त्यात येसूच्या दोन मुठी मीठ, ना कमी ना जास्त. पत्र्यांच्या काथ्याच्या दोरीला तिने तीन गाठी मारल्या. गिरणीतले सहा दिवे धरून पहिली गाठ दहा दिव्यांची, दुसरी वीस, तिसरी छत्तीस. आकडे घेऊन तिने शाळेच्या आलेखाच्या कागदावर रेघ काढली, सुरुवातीला जवळजवळ आडवी, पुढे माडाच्या झावळीसारखी खाली वाकलेली. तो कागद बाबांनी इंजिनासमोरच्या भिंतीवर भाताच्या खळीने चिकटवला. आता येईल-जाईल त्याला ते कागद दाखवायला लागले. "माझ्या चेडवान काढल्यान. छत्तीस दिवे लागतले. सदतिसावो नाय."

गावाचे प्रमुख मानकरी आबा गावकार. त्यांना पन्नास दिवे हवे होते आणि गिरणीत मुलगी बसते हेही त्यांना आवडत नव्हतं. "चेडवाचा काय काम थंय?" असं त्यांनी बाबांना दोनदा बोलून दाखवलं होतं. शेवटी ठरलं की जत्रेच्या आधी मानकऱ्यांसमोर चाचणी करायची. एकूण छत्तीस दिव्यांचा लोड: सहा दिवे समोर टांगलेले, बाकीच्यांचं ओझं पिंपावर, आणि ते सहा मंद होतात का ते सगळ्यांनी बघायचं. आदल्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "उद्या बरा झाला तर आबांचा तोंड बंद. मगे येसूक मालवणाक मावशीकडे ठेवूया. मॅट्रिक होवंदे. फुडचा फुडे." येसूने मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले होते. मला मुंबईला पाठवताना बाबा असं ठरवून बोलले नव्हते. मामाने बोलावलं म्हणून मी गेलो होतो.

सकाळी पिंप भरायचं काम माझं. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. माझ्या मनात काय होतं, तेही सांगतो. यंत्र बिघडावं असं मला वाटत नव्हतं. मला फक्त तिचा एक आकडा सगळ्यांसमोर चुकायला हवा होता. पावसाळा संपून खाडी पुरी खारी झाली होती आणि पिंपात काय होणार हे सांगायला मला तिच्याच रेघेची गरज होती. ती रेघ कुठे वाकते ते मला माहीत होतं. कुठे तुटते ते मी पाहायला निघालो होतो.

आबा आले, गुरव आले, चार मानकरी आले, दारात बायका. इंजिनापुढे नारळ ठेवला आणि आबांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांनी ह्या यंत्र हय बसवल्यानी आसा. तुझ्या जत्रेक उजेड पडूचो म्हणान. काय चुकला माकला आसात ता पोटात घाल, आणि ह्या यंत्राची काय बाधा आसात ती दूर कर म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. मग येसू पुढे आली, मिठाच्या मडक्यात हात घातला आणि सगळ्यांच्या देखत दोन मुठी पिंपात टाकल्या. तिने काठीने पाणी ढवळलं आणि मीटरसमोरच्या स्टुलावर जाऊन बसली. बाबांनी इंजिन चालू केलं. डबा वाजायला लागला, सहा दिवे लागले, दारातून "अगो बाय" असा आवाज आला.

दोरी माझ्या हातात होती. पत्रे पाण्याला टेकले आणि पहिली गाठ यायच्या आतच पाणी सूं करून बोललं. येसू म्हणाली, "दोनशे एक." आणि लगेच शाळेचा आवाज सोडून, "दादा, थांब. वर घे."

ते मला नीट ऐकू आलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी पुढे सांगितलं, आणि ते सगळ्यांना पटलं. मी दोरी सोडली. पहिली गाठ गेली, दुसरी गेली. पाण्याला उकळी फुटल्यासारखे बुडबुडे आले, डायनामोच्या ब्रशांपाशी निळ्या ठिणग्यांचं कडं फिरलं, इंजिन ओझ्याखाली कण्हलं. दिवे आधी पिवळे झाले, मग चुलीतल्या निखाऱ्यासारखे लाल, मग गेले. आणि त्यानंतर इंजिन एकदम हलकं झालं, डबा भराभर नाचायला लागला. लोड पेलेना म्हणून यंत्राने तो सोडून दिला होता. बाबांनी इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. काटा शून्यावर. पट्टा फिरत होता, डायनामो फिरत होता, आणि काटा हलत नव्हता.

सगळे डायनामोभोवती जमले, तेवढ्यात मी पिंप आडवं करून रिकामं केलं. "पाणी कढत झाला," म्हणालो. कुणी विचारलंही नव्हतं.

"चेडवान मीठ जास्त घातल्यान," एक मानकरी म्हणाले.

बाबांनी येसूला हाक मारली. "गो, किती घातलंस?"

"दोन मुठी."

"मोठी मूठ झाली काय?"

येसूने आपली मूठ मिटली आणि तिच्याकडे बघत उभी राहिली. मग उघडली, पुन्हा मिटली. "नाय," म्हणाली, पण हळू. आबा म्हणाले, "मिठाचा नको सांगू माका. हय बाईमाणसाचो हात लागलो. मी आधीच सांगत होतंय." बाबा त्यांच्याशी भांडले नाहीत. त्यांना दिसत नव्हतं, डायनामो मुका झाला होता, आणि जत्रा दहा दिवसांवर होती. कौल घ्यायचं ठरलं.

आमच्याकडे कौल घेणं म्हणजे देवाला सरळ विचारणं. गुरव पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या फुलांच्या पाकळ्या लावतो, मानकरी प्रश्न घालतो, उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. येसूला घरी ठेवलं होतं. प्रश्न घालण्याआधी आबा माझ्याकडे वळले. ते एरवी माझ्याशी फारसं बोलत नसत. "सदानंद, तू शिकलेलो मनीस. तुका काय वाटता? चेडवाचो हात लागलो म्हणान झाला असात?"

बाबा माझ्याकडे बघत होते, म्हणजे जिथून माझा आवाज येतो तिकडे. त्यांना मी नाही म्हणायला हवा होतो. एक शब्द पुरला असता; शिकलेला म्हणून त्या दिवशी माझं ऐकलं गेलं असतं. मी म्हटलं, "इचारून बघा."

उजवी पाकळी पडली. देवाने खोटं सांगितलं असं मी आजही म्हणणार नाही. देवाला तो प्रश्न आम्ही घातला, आणि तो घालू दिला मी.

डायनामोला काय झालं होतं ते मला माहीत होतं. अशा यंत्राच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, त्याच्या जिवावर ते दर वेळी जागं होतं. त्या धक्क्याने तेवढंही गेलं होतं. बाहेरून क्षणभर बॅटरी लावली की ते परत येतं. माझ्या पुस्तकात ते पान होतं आणि येसू अजून तिथवर पोचली नव्हती. मी चार दिवस थांबलो. मग कसालला जाऊन ओळखीच्या लॉरीवाल्याची बॅटरी आणली. गुरवाने यंत्राला अंगारा लावला, मी दोन वायरी टेकवल्या, आणि काटा उठला. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चेडू बाहेर गेलं आणि यंत्र चाललं, याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? जत्रेत छत्तीस दिवे लागले. छत्तीसच. पन्नास लावू का म्हणून आबांनी विचारलं तेव्हा मी "सदतिसावो नाय" म्हटलं, आणि सगळ्यांना वाटलं की तो हिशेब माझा आहे.

येसू त्यानंतर गिरणीत आली नाही. बाबांनी भिंतीवरचा कागद काढला. खळीने पक्का बसला होता, अर्धा फाटला. मालवणचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. ती आईच्या हाताखाली घावणे घालायला, मासे करायला लागली आणि शाळाही त्या वर्षीच सुटली. डबा वाजायला लागला की ती मागच्या परड्यात जायची. तिने मला कधी काही विचारलं नाही, आणि मला त्याचाही राग यायचा. पुढे पिंगुळीला तिचं लग्न झालं. माणसं चांगली मिळाली, शेती आहे, दोन मुलं आहेत. तिचं वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. मला बॅटरीच्या त्या गोष्टीवरून आधी एका कारखान्यात आणि मग वीज खात्यात नोकरी लागली. गावोगाव तारा आल्या, मी खांबांवरून उतरून खुर्चीत बसलो. कुणी ती गोष्ट काढली की मी विषय बदलायचो, आणि लोक म्हणायचे, सदानंदाक गर्व नाय.

दर भाऊबीजेला मी पिंगुळीला जातो. काही वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला तिच्या विहिरीवरचा पंप बंद होता. मी खोपीत जाऊन मोटर उघडली आणि तिला हाक मारली, "येसू, जरा आत येऊन ही वायर धर."

ती दारातच उभी राहिली. "नको रे दादा. माझो हात नको. परत बंद पडात." ती हसत होती. मीही हसणार होतो, पण मग तिच्या सुनेने सांगितलं की सासूबाई पंपाचं बटणसुद्धा कधी दाबत नाहीत, शेजारच्याला बोलावतात. तीस वर्षं.

मी पाना खाली ठेवला आणि तिथेच, खोपीच्या उंबऱ्यावर बसून, तिला सगळं सांगितलं. भरती, ओंजळ, दोरी, बॅटरी. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिने जो प्रश्न विचारला त्याची मी तयारी केली नव्हती.

"म्हणजे मिठाचा माप माझा बरोबर होता?"

"बरोबर होता."

"दोन मुठी." तिने हाताकडे पाहिलं नाही, पण बोटं मिटली. "कौलाचा माका कधी खरा वाटला नाय, दादा. माका वाटला, माझी मूठच चुकली. अजून भातात मीठ घालताना मी मोजतंय. इतकी वर्षां." मग म्हणाली, "तू माझो राग करी होतंस, ता माका कळत होता. पण पाण्याचा डोक्यात इला नाय."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर करून मला थांबवलं, आणि तिचा आवाज इतका कडक मी आधी कधी ऐकला नव्हता. "माका हय खोपीत सांगान काय उपयोग? देवळात चार माणसांसमोर माझ्या माथ्यार दोष इलो. थंय सांग. मी येतंय." मग ती आत गेली आणि मला ओवाळायचं ताट घेऊन आली. ओवाळताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

जत्रा तीन आठवड्यांवर होती. ते तीन आठवडे मी पळवाटा शोधत होतो हेही लिहितो. प्रकृतीचं कारण सुचलं, आबा वारले आहेत हेही सुचलं. पण येसू सकाळच्या गाडीने मुलाला घेऊन आली आणि देवळाच्या पायरीवर माझी वाट बघत उभी राहिली. आबांचे चिरंजीव, दाजी गावकार, आता प्रमुख मानकरी. त्यांना बाजूला घेऊन मी म्हटलं की गाऱ्हाण्याच्या आधी मला बोलायचं आहे. "बोला की, सायबानू," ते म्हणाले. त्यांना वाटलं देणगी जाहीर करायची असेल. सभामंडपात पन्नास-साठ माणसं होती, निम्म्यांचा जन्म तेव्हा झाला नव्हता. जुन्यांपैकी गुरवाचा थोरला भाऊ होता आणि गिरणीच्या दारात बसणाऱ्या दोन म्हाताऱ्या खांबाला टेकून होत्या. ओटीचं ताट हातात धरून येसू त्यांच्या शेजारी उभी राहिली. मी कागदावर शुद्ध मराठीत लिहून नेलं होतं. कागद खिशातच राहिला.

"ज्या वर्षी आमचो डायनामो बंद पडलो," मी म्हटलं, "त्या वर्षी हय कौल घेतलो आणि दोष येसूच्या माथ्यार गेलो. येसून मीठ बरोबर घातलेल्यान. तिचे आकडे बरोबर होते. छत्तीस दिव्यांचो हिशेब तिचो, माझो नाय. पिंपातला पाणी मी बदललंय, मुद्दाम. ती थांब म्हणाली, माका आयकाक इला, तरी मी दोरी सोडलंय. आबांनी माका इचारल्यानी तेव्हा माका खरा म्हायत होता, आणि मी गप ऱ्हवलंय. तिचो माका हेवो वाटा होतो." मी तिच्याकडे वळलो आणि, ती माझ्याहून धाकटी असून, सगळ्यांसमोर हात जोडले. "येसू, तुझा शिक्षण माझ्यामुळे गेला. ता माका परत देवक येवचा नाय. माका माफ कर."